बनियनमुक्त पांढरीपांडे

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी दुपारी वीज गेली, कूलर घरघर करून थांबला आणि चंद्रशेखर पांढरीपांडे यांनी अंगातलं बनियन काढलं. एवढंच झालं होतं. त्या घटकेला दिग्रसमधल्या निम्म्या पुरुषांनी हेच केलं असेल आणि त्यातल्या एकाच्याही आयुष्यात त्यामुळे काडीचा फरक पडला नसेल. पण पांढरीपांड्यांचं नशीबच असं, की त्यांनी चहात साखर जास्त घातली तरी त्याचं प्रकरण होतं.

बनियन काढल्याबरोबर मागच्या दारातून वाऱ्याची झुळूक आली आणि थेट पाठीला लागली. चंद्रशेखर दचकलेच. पाठीला वारा लागतो ही गोष्ट ते सरकारी नोकरीला लागल्यापासून विसरूनच गेले होते. त्यांना एकदम लहान झाल्यासारखं वाटलं. त्या आनंदात त्यांनी मोबाईल उघडला आणि "कपडे न घालण्याचे फायदे" असं शोधलं. (हे कुणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.)

मोबाईल त्यांचाच होता. त्यातलं ईमेलचं खातं मात्र पुण्याच्या लेकीने, मितालीने, गॅसच्या नोंदणीसाठी आईच्या, म्हणजे रत्नप्रभाबाईंच्या, नावाने उघडून दिलेलं होतं. गॅस आईच्या नावावर, घर आईच्या नावावर, स्कूटरही आईच्या नावावर. चंद्रशेखरांच्या नावावर एक बीपीची गोळी तेवढी होती.

शोधता शोधता त्यांना एक परदेशी मासिक सापडलं. घरी, अंगणात, समुद्रावर, जमेल तिथे कपड्यांविना साधं, मोकळं आयुष्य जगणाऱ्या लोकांचं ते मासिक होतं. त्यात चावटपणा नावाला नव्हता. एक आजोबा टोमॅटोला पाणी घालत होते, एक आजी लोकर विणत होत्या. (स्वेटर विणत होत्या. तो कुणासाठी, हे चंद्रशेखरांना शेवटपर्यंत कळलं नाही.) आणि खाली ठळक अक्षरांत आवाहन होतं, की जगभरच्या वाचकांनी आपापल्या भागातले अनुभव आणि फोटो पाठवावेत. लेखक नामवंत असण्याची अट नाही.

ही शेवटची ओळ चंद्रशेखरांनी तीनदा वाचली.

कारण चंद्रशेखर पांढरीपांडे हे मुळात लेखक होते. हे त्यांना स्वतःला माहीत होतं, बाकी कुणाला माहीत नव्हतं. कचेरीत वरिष्ठ लिपिक म्हणून ते दिवसभर "सविनय सादर" लिहीत आणि घरी येऊन ललित लेख लिहीत. दर दिवाळीला कुठल्या ना कुठल्या अंकाला लेख जाई. पूर्वी तो परत तरी येई, आता तेवढी माणुसकीही उरली नव्हती. छापील अक्षरांत त्यांनी स्वतःचं नाव पाहिलं होतं ते फक्त लग्नपत्रिकांत, तेही साळ्याच्या नावाखाली. एकदा, फक्त एकदा, आपण लिहिलेल्या मजकुरावर आपलं नाव छापून यावं, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि आता पन्नाशी उलटलेल्या या लेखकाला साता समुद्रापलीकडून कुणीतरी "पाठवा" म्हणत होतं.

त्याच संध्याकाळी ते गल्लीच्या टोकाला धम्मदीपकडे गेले. धम्मदीप कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवायचा. त्याच्याकडे चांगला कॅमेरा होता, आणि मुख्य म्हणजे चंद्रशेखरांचे लेख शेवटपर्यंत ऐकून घेणारा तो जिल्ह्यातला एकमेव माणूस होता.

"भाऊ," सगळं ऐकून धम्मदीप म्हणाला, "वहिनीले सांगितलं काय?"

"छापून आल्यावर सांगीन."

"छापून आल्यावर सांगाच नाही लागत. तवा तर त्यायलेच दिसते."

"तू इंग्रजी करून देशील का नाही, ते सांग."

"करतो ना बाप्पा. पण तुमाले अनुभव कुठं हाये? बनियन तर आजच काढलं."

"दिग्रसच्या माणसाला वेगळा अनुभव कशाला पाहिजे?" चंद्रशेखर तावातावाने म्हणाले. "मे महिन्यात इथं कोण कपडे घालून बसतो? अर्धी चळवळ तर आपणच चालवून राह्यलो!"

हे वाक्य धम्मदीपला इतकं आवडलं, की लेखाची सुरुवात तिथूनच झाली. आठवडाभर चंद्रशेखर झपाटल्यासारखे लिहीत होते. शेचाळीस अंशांचं ऊन, नळाला येणारं उकळतं पाणी, कापसाच्या मुलखात राहून कापसालाच वैतागलेली माणसं, आणि पाठीला लागलेली ती झुळूक. धम्मदीपने लेख इंग्रजीत उतरवला आणि मान डोलावून म्हणाला, "भाऊ, खरं सांगतो. या खेपेला जमलं." चंद्रशेखरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते ऊन लागल्याने आलं असं त्यांनी सांगितलं.

राहता राहिला फोटो. मासिकाचे नियम साफ होते. फोटो स्वतःचा हवा, उघड्यावरचा हवा, सभ्य हवा आणि त्यात त्या प्रदेशाचं रोजचं जगणं दिसायला हवं.

दिग्रसमध्ये उघड्यावर, स्वतःचा आणि सभ्य, या तीन गोष्टी एकत्र जमतील अशी एकच जागा होती. पांढरीपांड्यांची गच्ची.

आणि योग असा, की मंगळवारी रत्नप्रभाबाई सकाळच्या बसने पुसदला बहिणीकडे जाणार होत्या, संध्याकाळी परत. चंद्रशेखरांनी रजा टाकली.

"रजा काहून?" रत्नप्रभाबाईंनी निघता निघता विचारलं.

"पोटात गडबड आहे."

"मग बरंच झालं. घरी आहात तर गच्चीवर बसा."

चंद्रशेखर गारच पडले. "गच्चीवर?"

"कुरड्या घातल्या ना पहाटे, मी अन् बसंतीबाईनं! माझ्या चार साड्या, तिच्या चार. आपल्याच गच्चीवर ऊन चांगलं येते म्हणून सगळ्या आपल्याकडेच घालतात. वांदरं लय माजले यंदा. एक कुरडई गेली तर बसंतीबाईले तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला. जागचे हलू नका."

म्हणजे बायकोनेच हुकूम दिला होता! चंद्रशेखरांना वाटलं, आता साक्षात नियतीच मासिकाच्या संपादक मंडळावर बसली आहे.

कुरड्या हे प्रकरण ज्यांनी नुसतं तळून खाल्लं आहे त्यांना त्यातलं गांभीर्य कळणार नाही. गहू दिवसचे दिवस भिजवायचे, वाटायचे, त्यांचा चीक काढायचा, तो शिजवायचा, हात भाजत सोऱ्यातून जुन्या साडीवर गोल गोल पाडायचा आणि मग दिवसभर सूर्याची आणि माकडांची मर्जी सांभाळायची. गल्लीतल्या बायका आळीपाळीने एकमेकींकडे जाऊन हे करतात. त्यात कुणाची कुरडई पांढरी आणि कुणाची काळपट, यावर वर्षभराची इज्जत ठरते. बसंतीबाई राठोड शेजारीच राहायच्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि त्यांच्या कुरड्या गल्लीत सगळ्यांत पांढऱ्या असत.

बस गेल्याची खात्री झाल्यावर चंद्रशेखर कॅमेरा, तिपाई आणि प्लास्टिकची खुर्ची घेऊन बाहेरच्या जिन्याने वर गेले. मोबाईल खाली चार्जिंगला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गच्चीभर साड्या पसरलेल्या आणि त्यांवर पांढऱ्याशुभ्र, ओलसर कुरड्यांच्या रांगा. प्रदेशाचं रोजचं जगणं म्हणतात ते याहून काय वेगळं असतं? त्यांनी कॅमेरा ठरावीक वेळाने आपोआप फोटो घेत राहील असा लावला (हे धम्मदीपने तीनदा शिकवलं होतं, तरी त्यात तासभर गेला), लुंगी आणि बनियन कठड्यावर ठेवलं आणि देवाचं नाव घेऊन ते चळवळीत सामील झाले.

पायात चपला मात्र ठेवल्या. खाली स्लॅब होता आणि वर वैशाख.

काय सांगावं! वारा आला. तो पाठीला लागला, पोटाला लागला, जिथे कधीच लागला नव्हता तिथेही लागला. चंद्रशेखरांना आरडाओरडा करून गाणं म्हणावंसं वाटलं. आपण विदर्भातले पहिले, कदाचित महाराष्ट्रातले पहिले, अशा विचारांनी त्यांची छाती फुगली. त्याच फुगलेल्या छातीने ते रुबाबात पेपर उघडून खुर्चीत बसले.

खुर्ची तासभर उन्हात होती.

त्यानंतरच्या पाच-सहा फोटोंत खुर्ची स्पष्ट आली आहे. पेपर हवेत आहे. चंद्रशेखर चौकटीत नाहीत.

ते टाकीमागच्या सावलीत स्वतःला चोळत उभे होते तेवढ्यात कडुनिंबाची फांदी हलली आणि काळ्या तोंडाचा, हातभर शेपटीचा एक थोराड वानर कठड्यावर उतरला. मागून त्याचं सगळं बिऱ्हाड आलं.

"हाड! हाड!" चंद्रशेखर ओरडले. पहारेकरी म्हणून त्यांची नेमणूक झालेली होती आणि पहारेकरी कुठल्या वेषात असावा याबद्दल रत्नप्रभाबाई काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी हाताला लागेल ते फडकं घेऊन वानराच्या अंगावर झटकलं. हाताला लुंगी लागली होती. वानराने तिचं दुसरं टोक शांतपणे धरलं. माणसाने ओढलं, वानराने ओढलं. माणसाच्या हाताला घाम होता. लुंगी कडुनिंबावर गेली. पाठोपाठ एका पिलाने बनियन उचललं, डोक्यातून घातलं आणि ते त्याला चंद्रशेखरांपेक्षा बरं बसलं.

कुरडई मात्र एकही गेली नाही. हे पुढे महत्त्वाचं ठरतं.

आता तसं पाहिलं तर जिना उतरून घरात जायला कितीसा वेळ लागतो? चंद्रशेखर वळले. आणि त्याच क्षणी जिन्यावर चपलांचा आवाज आला. बाराच्या सुमाराला कुरड्या उलटाव्या लागतात, ही गोष्ट दिग्रसच्या कुठल्याही बाईला सांगावी लागत नाही आणि कुठल्याही पुरुषाला माहीत नसते.

"भाऊ, आहात का वर?" बसंतीबाईंचा आवाज आला. त्या आवाजाच्या धाकाने पाढे म्हटलेल्या पिढ्या अजून झोपेत दचकतात.

चंद्रशेखरांनी आयुष्यात एवढ्या चपळाईने कुठलाच निर्णय घेतला नसेल. त्यांनी जवळची साडी कुरड्यांसकट उचलली, अंगाभोवती गुंडाळली आणि ते टाकीला पाठ लावून उभे राहिले. घाईत ओली बाजू आत गेली. गव्हाचा शिजलेला चीक आणि माणसाच्या छातीवरचे केस यांची गाठ ब्रह्मदेवानेच मारलेली असते हे त्यांना तेव्हा कळलं.

बसंतीबाई वर आल्या. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. "हे काय? साडी काहून नेसली तुम्ही?"

"वांदरं!" चंद्रशेखरांच्या तोंडून कसंबसं निघालं. "वांदरं आले होते. कुरड्या... वाचवून राह्यलो."

बसंतीबाईंनी कडुनिंबाकडे पाहिलं. तिथे बिऱ्हाड बसलं होतं. बाकीच्या साड्यांकडे पाहिलं, कुरडई जागची हलली नव्हती. मग पुन्हा चंद्रशेखरांकडे पाहिलं, आणि त्या कडक बाईंचे डोळे भरून आले.

"म्हणजे अंगाले लपेटून घेतल्या? या उन्हात? माझ्याच साडीवरच्या आहेत भाऊ त्या!" त्या कठड्याशी गेल्या आणि त्यांनी शाळेच्या मैदानावरचा आवाज लावला. "अवो शीला! वर या सगळ्या! पाहा, माणूस कसा असते ते पाहा!"

"नको, बाई, कुणाला नको!" चंद्रशेखर विनवत होते. पण थोर माणसं अशीच बोलतात असं बसंतीबाईंना वाटलं.

बघता बघता गल्ली गच्चीवर जमली. धम्मदीपची बायको शीला सगळ्यांत पुढे होती. बायका हळहळल्या, कौतुक करू लागल्या. एकीने आपल्या नवऱ्याचा उद्धार केला, की आमचे तर पंखा सोडून उठत नाहीत. दुसरीने सरबत आणलं. ते प्यायला चंद्रशेखरांनी एक हात मोकळा केला आणि साडी एका बाजूने घसरली, तेव्हा त्यांनी ग्लासच सोडून दिला.

"थरथरून राह्यले ते," शीला म्हणाली. "ऊन लागलं वाटते. आधी ती साडी काढा अंगावरची."

"हाव ना, अन् कुरड्याही उलटायच्या आहेत," बसंतीबाईंनी पदर खोचला. "द्या भाऊ, सोडा आता. तुमचं काम झालं."

"राहू द्या! वाळू द्या! अंगावरच वाळू द्या!"

"अंगावर कुठं वाळतात? सोडा म्हणते ना!"

बसंतीबाईंनी एक टोक धरलं, शीलाने दुसरं. माणसाच्या हाताला आताही घाम होताच. आत्ताच वानराशी झालेली लढत चंद्रशेखरांना आठवली आणि तिचा निकालही आठवला. डोळ्यांपुढे कचेरी, गल्ली, मितालीचं सासर, सगळं तरळून गेलं. छापील अक्षरांत नाव यायचं राहिलं, पण उद्याच्या पेपरात नक्की येईल असं त्यांना वाटलं. कुठेतरी कॅमेरा शांतपणे खटखट करत होता.

"सोडा ती साडी!"

जिन्याच्या तोंडाशी रत्नप्रभाबाई उभ्या होत्या. बहीण न सांगता उमरखेडला गेली म्हणून त्या पुसदच्या स्टँडवरूनच परत फिरल्या होत्या. त्यांनी गर्दी पाहिली. कडुनिंबावर वाळत असल्यासारखी लटकलेली लुंगी पाहिली, बनियन घातलेलं पिलू पाहिलं, तिपाईवरचा कॅमेरा पाहिला. मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पंचवीस वर्षांच्या संसारात शिकलेलं सगळं गणित त्यांनी एका क्षणात सोडवलं.

"बसंतीबाई, चहा ठेवते. सगळ्या खाली चला," त्या म्हणाल्या. "यांचं मी पाहते."

गच्ची रिकामी झाली. रत्नप्रभाबाईंनी कॅमेरा बंद केला, दोरीवरचा टॉवेल नवऱ्याकडे फेकला आणि पाठ फिरवून विचारलं, "आता बोला."

चंद्रशेखर बोलले. बनियनपासून सगळं सांगितलं. टाकीमागे बसून अंगावरची एकेक कुरडई सोडवत (केसांसकट) ते बोलत होते. शेवटची कुरडई हातात धरून ते म्हणाले, "एकदा नाव छापून यावं, एवढंच होतं गं मनात. दुसरं कुठंच कुणी छापत नाही."

रत्नप्रभाबाई रागावल्या होत्या, पण त्यांना हसूही येत होतं आणि या माणसाची दयाही येत होती. दर दिवाळीला पोस्टमनच्या वाटेकडे लागलेले त्याचे डोळे त्यांनीच तर पाहिले होते.

"लेख वाचून दाखवा," त्या म्हणाल्या.

चंद्रशेखरांनी टॉवेलवर उभं राहून, म्हणजे टॉवेल नेसून उभं राहून, मराठी लेख तोंडपाठ म्हटला. कापसालाच वैतागलेल्या माणसांशी आल्यावर रत्नप्रभाबाई फिसकन हसल्या. झुळुकीशी आल्यावर त्यांनी वळून नवऱ्याकडे पाहिलं.

"चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पाठवा."

"खरंच?"

"फोटो मात्र मी निवडीन."

कॅमेऱ्यात निवडायला फारसं नव्हतंच. अर्धे फोटो खुर्चीचे होते, काही वानरांचे. एक मात्र झकास आला होता. टाकीला टेकून, कुरड्यांच्या साडीत गळ्यापासून घोट्यापर्यंत गुंडाळलेले, भेदरलेले चंद्रशेखर आणि शेजारी कठड्यावर बनियन घातलेलं पिलू. गच्चीवर दुसरं कुणी आलेलं नव्हतं तेव्हाचा तो होता.

"हाच," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "दुसरा एकही नाही."

लेखाच्या कागदावर नाव लिहू नये, नाव नोंदणीवरून घेतलं जाईल, असा मासिकाचा नियम होता. नोंदणीत मोबाईलने सगळं आपोआप भरून विचारलं, हे बरोबर आहे का? चंद्रशेखरांनी आनंदाच्या भरात न वाचता "होय" दाबलं. मग पुन्हा "होय", मग आणखी एकदा.

मे महिना मोठ्या मानात गेला. कुरड्या अंगावर घेऊन वाचवणारा माणूस म्हणून चंद्रशेखरांची कीर्ती पार बाजारापर्यंत पोचली आणि प्रत्येक सुट्टीच्या दिवशी गल्लीतल्या कुठल्या ना कुठल्या गच्चीवर त्यांची नेमणूक होऊ लागली. ते पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून जात. बसंतीबाईंनी तर त्या कुरड्यांतल्या मूठभर खास त्यांच्यासाठी तळून पाठवल्या. घरात त्या कुणी खाल्ल्या नाहीत.

ऑक्टोबरच्या उन्हात एके दुपारी मोबाईल टिणकला. अंक आला होता! चंद्रशेखरांनी धम्मदीपला बोलावलं, रत्नप्रभाबाईंना हाताला धरून बसवलं आणि पान उघडलं. लेख होता. अख्खा होता, एक शब्द कापला नव्हता. फोटो पानभर होता.

आणि लेखाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत नाव होतं. रत्नप्रभा पांढरीपांडे, दिग्रस.

धम्मदीपने घसा खाकरला. "भाऊ, फोटोखाली पण लिहिलं हाये."

"वाच."

"लेखिकेचे पती. हे अद्याप आपल्या चळवळीत आलेले नाहीत."

रत्नप्रभाबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलत होते. संपादकांची चिठ्ठीही सोबत होती, ती धम्मदीपने जमेल तेवढ्या गंभीरपणे मराठीत सांगितली. आदरणीय बाई, एवढ्या सनातनी मुलखात आपण एकट्या एवढ्या धैर्याने जगता याचं आम्हाला फार कौतुक वाटतं. आपण नियमित लिहावं. यजमानांना आमचा नमस्कार सांगावा. त्यांच्यावर जबरदस्ती करू नये. पुष्कळ नवऱ्यांना वेळ लागतो.

तेवढ्यात वीज गेली आणि कूलर घरघर करून थांबला. चंद्रशेखर बनियनमध्ये चिंब होऊन बसले होते.

"काढा की ते," रत्नप्रभाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "माझ्या मासिकात तुमचं काय नाव राहील अशानं?"